पाकोळी आणि घंटा

5 ऑक्टोबर 1922 ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या रंगमंचावर एकही वाद्य नव्हतं. ना पियानो, ना ऑर्गन. भरतकाम केलेल्या गावाकडच्या कपड्यांत उभे असलेले गायक-गायिका आणि त्यांच्यासमोर, प्रेक्षकांकडे पाठ करून, सत्तेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ. त्याच्या हातात छडीही नव्हती. सांगायचं ते सगळं तो दहा बोटांनी सांगत होता. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात मिनिटभराचं एक गाणं होतं, ‘श्चेद्रिक’. अमेरिकेने ते पहिल्यांदाच ऐकलं.

ते तुम्हीही ऐकलेलं आहे. ‘होम अलोन’ चित्रपटात घरी एकटा राहिलेला पोरगा नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन बसतो, तिथे मुलं गातात तीच ही चाल. डिसेंबर उजाडला की मॉलमध्ये आणि जाहिरातींत ती वाजू लागते. इंग्रजीत तिचं नाव ‘कॅरोल ऑफ द बेल्स’. मूळ गाण्यात मात्र घंटाही नाही आणि नाताळही नाही. पाकोळीची घंटा झाली कशी, याची गोष्ट त्या छडी न वापरणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यात दडलेली आहे. त्याचं नाव ओलेक्सांद्र कोशेत्स.

कोशेत्सचा जन्म सप्टेंबर 1875 चा, कीव प्रांतातल्या रोमाश्की गावचा. वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. लवकरच हे कुटुंब तारासिव्का या गावी गेलं आणि पोरगा तिथे वाढला. तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा, मे 1876 मध्ये, जर्मनीतल्या एम्स या गावी हवापालटाला गेलेल्या झार दुसऱ्या अलेक्झांडरने एका फर्मानावर सही केली. युक्रेनियन भाषेतली पुस्तकं छापायची नाहीत, बाहेरून आणायची नाहीत, त्या भाषेत नाटकं करायची नाहीत. बंदीच्या यादीत आणखी एक बारीकसं कलम होतं: गाण्याच्या स्वरलिपीखाली युक्रेनियन शब्द छापायचे नाहीत. पुढे 1881 मध्ये हे कलम थोडं सैल झालं, तरी गाण्याचे शब्द सरकारी परवानगीवाचून पुढे सरकत नसत. ज्या मुलाचा जन्म गाण्यात जायचा होता, त्याच्या पाळण्याशीच हा कायदा येऊन बसला होता.

कायदा छापील कागदाला अडवू शकत होता, गळ्याला नाही. आणि गळा तयार होण्याची जागा गावोगाव होती, ती म्हणजे चर्च. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य चालत नाही. देवापुढे फक्त माणसाचा आवाज. धर्मगुरू एक ओळ आळवतो, गायकवृंद तिला उत्तर देतो आणि संपूर्ण उपासना अशी सवाल-जवाबात पुढे जाते. ‘होस्पोदी पोमिलुय’, म्हणजे प्रभू, दया कर, हे दोनच शब्द तासाभरात कितीदा तरी येतात. काही प्रार्थनांत ते सलग चाळीस वेळा म्हणायचे असतात. तेच शब्द चाळीसदा म्हणूनही कंटाळवाणे होऊ द्यायचे नाहीत, ही जबाबदारी गायकवृंदाच्या संचालकाची. त्याला तिकडे ‘रेगेंत’ म्हणतात. पाठीशी वाद्य नाही, म्हणून सूर हलला तर सावरायलाही दुसरं कुणी नाही. ज्याचे कान या तालमीत घडले त्याला पुनरावृत्तीचं भय उरत नाही.

या तालमीला जुनी परंपरा होती. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या राजदरबारी गायकवृंदासाठी गोड गळ्याची मुलं युक्रेनमधल्या ह्लुखिव्ह गावच्या गायनशाळेतून निवडून नेत. पुढे त्या दरबारी गायकवृंदाचा प्रमुख झालेला दमित्रो बोर्त्नियान्स्की ह्लुखिव्हचाच. गळे युक्रेनचे आणि नाव साम्राज्याचं, असा तो व्यवहार.

कोशेत्सने धर्मगुरूच्या घरातल्या मुलाची ठरलेली वाट धरली: बोहुस्लावची चर्चशाळा, मग कीवची सेमिनरी, मग कीवची धर्मशास्त्र अकादमी. 1901 मध्ये तो तिथून पदवी घेऊन बाहेर पडला. धर्मगुरू मात्र झाला नाही. अकादमीत असतानाच तिथला गायकवृंद त्याच्याकडे आला होता आणि आपलं काम त्याला सापडलं होतं.

नोकरीनिमित्त तो दक्षिणेला, कॉकेशसकडे गेला. जवळच कुबानचा प्रदेश. कॅथरीन राणीने ज्या झापोरिझियन कोसॅकांची सत्ता मोडून काढली, त्यांतल्या अनेकांचे वंशज इथे वसवलेले होते. शंभर वर्षं मुलखापासून तुटून राहिलेली ही माणसं आजोबा-पणजोबांची गाणी तशीच गात होती. कोशेत्स त्यांच्यात फिरला आणि शेकडो गाणी उतरवून घेतली. या संग्रहाबद्दल त्याला सुवर्णपदकही मिळालं. पदकापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या नजरेला पडली: माणसं मुलखातून उखडली तरी गाणं त्यांच्याबरोबर जातं आणि नव्या मातीत जुनंच राहतं. वीस वर्षांनी ही गोष्ट त्याला स्वतःवर बेतल्यावर पुन्हा कळणार होती.

कीवला परतल्यावर तो मिकोला लिसेंकोच्या सहवासात आला. लोकगीतांना मैफिलीत मानाची जागा देणारा हा युक्रेनचा ज्येष्ठ संगीतकार. त्याच्या संगीतशाळेत कोशेत्सने शिकवलं, कीव विद्यापीठाच्या विद्यार्थी गायकवृंदाचं संचालन केलं, नाटकमंडळीत आणि पुढे कीवच्या ऑपेरातही काम केलं. विद्यार्थी दर वर्षी बदलत, पण कोशेत्सच्या हाताखाली आलेला आवाज एकसंध होत असे, अशी त्याची ख्याती झाली.

1916 च्या डिसेंबरात या विद्यार्थ्यांनी एक नवी रचना सादर केली. रचनाकार होता मिकोला लेओन्तोविच. तोही धर्मगुरूचाच मुलगा, पेशाने शाळामास्तर, अंगाने भिडस्त आणि स्वतःच्या कामावर सदैव असमाधानी. ही एक रचना तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत होता.

ती चाल जवळून पाहण्यासारखी आहे. मूळ धून चार टिपांची आणि त्यांत स्वर तीनच. षड्ज धरून म्हटलं तर कोमल गंधार, रिषभ, कोमल गंधार, षड्ज. बस्स. बाळालाही म्हणता येईल इतकं. हे ‘श्चेद्रिव्का’ जातीचं लोकगीत. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री पोरीबाळी दारोदार जाऊन ते म्हणत, यजमानाला सुगीचा आशीर्वाद देत आणि बदल्यात खाऊ घेत. आपल्याकडे वासुदेव दारी येऊन जे करतो, त्यातलंच काहीसं. गाण्यात एक पाकोळी उडत येते आणि घरधन्याला हाक मारते: बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्या व्यायल्या आहेत. नव्या वर्षाच्या गाण्यात पाकोळी कुठून आली? तिकडे जानेवारीत पाकोळ्या दिसत नाहीत. पण ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी त्या मुलखात नवं वर्ष वसंतात सुरू होत असे. कॅलेंडर बदललं, गाण्याने पाकोळीला सोडलं नाही.

लेओन्तोविचने ही चार टिपांची धून जवळजवळ अखेरपर्यंत तशीच फिरत ठेवली आणि तिच्याभोवती बाकीचे आवाज एकेक करून आणले. वरचे आवाज तेच म्हणत राहतात, खालून दुसरा आवाज लांब सुरांनी सरकतो, मग पुरुषांचे खर्जातले आवाज उभे राहतात. गाणं फुगतं, छताला भिडतं आणि पुन्हा विरत विरत त्या चार टिपांवर येऊन थांबतं. हे गाणं संचालकाच्या हातात असतं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून केसभर वेगळी झाली नाही तर उरतो तो नुसता पाढा. चाळीस वेळा ‘दया कर’ म्हणवून घेतलेल्या माणसाच्या हाती ते पडलं, हे गाण्याचं भाग्य.

मग झारशाही कोसळली. कीवमध्ये युक्रेनियन लोकप्रजासत्ताक उभं राहिलं आणि लगेच चारी बाजूंनी घेरलं गेलं. जानेवारी 1919 मध्ये पॅरिसला शांतता परिषद सुरू झाली. जगाचे नकाशे तिथे नव्याने आखले जात होते आणि युक्रेन नावाचा काही वेगळा देश आहे हेच तिथल्या बहुतेकांच्या गावी नव्हतं. प्रजासत्ताकाचा नेता सिमोन पेतल्युरा याने अशा वेळी एक अजब हुकूम काढला: एक गायकवृंद तयार करा आणि युरोपात पाठवा. सैन्याला बूट नसताना सरकारने गाण्यावर पैसा खर्च केला. पेतल्युराच्या राजवटीचं मूल्यमापन करताना, विशेषतः त्या काळात झालेल्या ज्यूंच्या कत्तलींच्या संदर्भात, इतिहासकार आजही भांडतात. पण हा निर्णय त्याचाच होता आणि त्यामागचा हिशेब सरळ होता. निवेदनं कुणी वाचत नाही, गाणं तरी ऐकतील.

काम दोघांकडे आलं, कोशेत्सकडे आणि त्याचा मित्र, संगीतकार व धर्मगुरू किरिलो स्तेत्सेंकोकडे. हाताशी वेळ अगदी थोडा होता. 5 फेब्रुवारीला बोल्शेविक कीवमध्ये शिरले, तेव्हा गायक शहरातून नुकतेच निसटले होते. तालमी वाटेतल्या गावांत झाल्या, कागदपत्रांसाठी आठवडे गेले. 11 मे 1919 रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात हा गायकवृंद, ‘युक्रेनियन प्रजासत्ताक कापेला’, पहिल्यांदा परदेशी श्रोत्यांपुढे उभा राहिला. चेक संगीतशास्त्रज्ञ झ्देन्येक नेयेडली इतका भारावला की त्याने या गायकवृंदावर एक पुस्तकच लिहिलं. पुढे व्हिएन्ना, स्वित्झर्लंड, पॅरिस, ब्रसेल्स, लंडन, बर्लिन. टाळ्या मिळाल्या, कौतुकाचे लेख आले, ‘श्चेद्रिक’ पुन्हा म्हणायची फर्माईश होत राहिली. मान्यता काही मिळाली नाही. परिषदेने युक्रेनच्या प्रजासत्ताकाला देश म्हणून स्वीकारलं नाही.

मागे घरी एकेक दिवा विझत होता. 23 जानेवारी 1921 रोजी लेओन्तोविचचा त्याच्या वडिलांच्या घरी खून झाला. रात्रीच्या मुक्कामाला आसरा मागून आलेल्या पाहुण्यानेच गोळी झाडली आणि तो बोल्शेविकांच्या चेका या गुप्त पोलिसदलाचा माणूस होता. त्याच मार्चमध्ये रिगाच्या तहाने पोलंड आणि सोव्हिएत सत्ता यांनी युक्रेनची वाटणी पक्की केली. एप्रिल 1922 मध्ये स्तेत्सेंको टायफसने गेला. ‘श्चेद्रिक’चा कर्ता मेला, कापेलेचा जोडीदार मेला, पाठवणारं राज्य मेलं. कोशेत्स आणि गाणं एवढेच उरले, तेही दुसऱ्याच्या मुलखात. दरम्यान कापेलेत फाटाफूट झाली होती, तिची जुळवाजुळव करून नव्या नावाने त्याने पुन्हा गायकवृंद उभा केला होता.

मॅक्स राबिनोफ या जाणकार आयोजकाने हा गायकवृंद अमेरिकेत आणला. कोशेत्सची पुतणी, मॉस्कोत नाव कमावलेली गायिका निना कोशेत्स, दौऱ्यात एकलगायनासाठी होती. कार्नेगी हॉलनंतर ब्रन्सविक कंपनीने ‘श्चेद्रिक’ची तबकडी काढली. त्याच वर्षी डिसेंबरात मेक्सिको शहरातल्या बैलझुंजींच्या मैदानावर तीस हजारांहून अधिक लोक या वाद्याविना गाण्याला जमले. ध्वनिक्षेपक नव्हता. तीन स्वरांचं खेड्यातलं गाणं तिथे नुसत्या गळ्याच्या बळावर म्हटलं गेलं. नंतर ब्राझील, अर्जेंटिना, पुन्हा अमेरिका. 1924 च्या सुमारास पैसा आटला, करार संपले आणि गायकवृंद विखुरला. परतायला देश नव्हता. कोशेत्स आणि त्याची पत्नी तेत्याना, जी स्वतः त्याच गायकवृंदात गात होती, न्यूयॉर्कमध्ये राहिले. टाळ्यांचा कडकडाट ऐकलेला हा माणूस आता लाखो स्थलांतरितांतला एक झाला.

आयुष्याचा हा दुसरा भाग चरित्रांत चार ओळींत उरकला जातो. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे.

युक्रेनियन माणसं अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधी आली होती. पेन्सिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत राबणाऱ्यांनी शेनान्डोआ गावी 1884 मध्येच आपल्या चर्चची स्थापना केली होती. कॅनडात पहिली माणसं 1891 मध्ये उतरली आणि 1914 पर्यंत तो आकडा सुमारे 1,70,000 वर गेला. गवताळ मैदानात मातीची घरं बांधणाऱ्या या शेतकऱ्यांनी कांद्याच्या आकाराचे घुमट असलेली चर्चं उभारली. त्या चर्चचा खरा कणा म्हणजे ‘द्याक’. हा रविवारी उपासनेतली गाणी सांभाळायचा, आठवडाभर मुलांना अक्षरं शिकवायचा, संध्याकाळी खाणीतून किंवा शेतातून आलेल्यांना गोळा करून गायकवृंदाची तालीम घ्यायचा, आणि नाटक बसवायचं असलं तर तेही त्याच्याच गळ्यात. मुलं इंग्रजीत भांडू लागली होती. मातृभाषा उरली होती ती आजीच्या स्वयंपाकघरात आणि चर्चच्या गाण्यात.

या लोकांत एकवाक्यता नव्हती. ग्रीक कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, स्लावोनिक भाषा राखू पाहणारे, युक्रेनियनचा आग्रह धरणारे, डावे, राष्ट्रवादी; एकाच रस्त्यावर समोरासमोर चर्चं आणि एकमेकांशी बोलणं बंद. कोशेत्स आता यांच्यासाठी लिहू लागला. जुन्या चर्चगायनातल्या चाली घेऊन त्याने पाच लिटर्जी, म्हणजे संपूर्ण उपासनेचं संगीत, रचल्या. त्याशिवाय सुटी धर्मगीतं. दिवसभर कारखान्यात काम केलेल्या माणसाला संध्याकाळी म्हणता येतील अशा त्या रचना. निरनिराळ्या गावांतले गायकवृंद एकत्र आणून त्याने मोठे कार्यक्रम बसवले. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युक्रेनियन दिवसाला शेकडो गायकांचा जोडवृंद त्याच्या बोटांकडे बघून गायला. चर्चच्या पायरीवर एकमेकांना टाळणारी माणसं तिथे एका सुरात आली.

इकडे ‘श्चेद्रिक’ची वाट वेगळी झाली होती. न्यू जर्सीत स्थलांतरितांच्या घरी जन्मलेला आणि लहानपणी चर्चमध्ये गायलेला पीटर विल्हौस्की न्यूयॉर्कमध्ये शाळांच्या गायकवृंदांचं काम बघत असे. त्याला ही चाल आपल्या मुलांकडून म्हणून घ्यायची होती, पण ती युक्रेनियन शब्द म्हणणार कशी? चार टिपांच्या त्या फिरत्या धुनीत त्याला घंटानाद ऐकू आला. त्याने स्वतः इंग्रजी शब्द लिहिले आणि 1936 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पाकोळी उडाली, मेंढरं गेली, घंटा आणि नाताळ आले. यात लबाडी कसलीच नव्हती. उलट याच विल्हौस्कीने कोशेत्सच्या मांडणीतल्या अनेक युक्रेनियन लोकगीतांना इंग्रजी शब्द देऊन ती अमेरिकेतल्या शाळांत पोचवली. पण परिणाम व्हायचा तो झाला. गाणं जगाचं झालं आणि कुणाचं होतं ते जग विसरलं.

एका बाजूला नाव गमावून जगभर गेलेलं गाणं, दुसऱ्या बाजूला नाव सांभाळून छोट्या छोट्या चर्चमध्ये राहिलेलं गाणं. कोशेत्सने आयुष्याची अखेरची वर्षं या दुसऱ्या गाण्याला दिली.

1941 मध्ये कॅनडातल्या युक्रेनियन संस्थेने त्याला विनिपेगला उन्हाळी वर्ग घेण्यासाठी बोलावलं. संगीतज्ञ पाव्लो मात्सेन्को सोबतीला होता. मैदानी प्रांतांतल्या दूरदूरच्या गावांहून तरुण मुलंमुली यायची, त्यांतली बहुतेक कॅनडातच जन्मलेली. युक्रेन त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. कोशेत्स त्यांना संचालन शिकवायचा आणि युक्रेनियन संगीताचा इतिहास सांगायचा. त्यांच्यातूनच पुढच्या पिढीचे शिक्षक आणि गायकवृंदांचे संचालक उभे राहायचे होते. कुबानच्या कोसॅकांकडून तरुणपणी जे ऐकलं होतं, ते आता तो कॅनडाच्या शेतकऱ्यांच्या नातवंडांना देत होता. असे चार उन्हाळे झाले. चौथ्या उन्हाळ्यानंतर तो न्यूयॉर्कला परतला नाही. 21 सप्टेंबर 1944 रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, विनिपेगमध्येच त्याचं निधन झालं. त्याला तिथेच पुरलं.

सोव्हिएत युक्रेनमध्ये त्याचं नाव घेणं अडचणीचं होतं. ज्याला पेतल्युराने पाठवलं, त्याचा गौरव कोण करणार? त्याच्या आठवणी आणि दौऱ्याच्या रोजनिशा छापल्या गेल्या त्याही विनिपेगमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. कागदपत्रं तिथेच राहिली. 1991 नंतर युक्रेनमधल्या अभ्यासकांनी त्याला शोधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना स्थलांतरितांच्या पेट्यांकडे वळावं लागलं.

पेतल्युराचा हिशेब त्या वेळी चुकला. गाण्याने राज्य वाचलं नाही आणि वाचणारही नव्हतं; टाळ्या वाजवणारे मतदान दुसरीकडे करतात, हे पॅरिसने दाखवून दिलं. पण राज्य बुडाल्यावर भाषा, उच्चार आणि चाली ज्यांनी सत्तर वर्षं धरून ठेवल्या, त्यांत रविवारी सकाळी चर्चमध्ये उभ्या राहणाऱ्या या हौशी गायकांचा वाटा मोठा आहे. त्यांना उभं राहायला शिकवणारा माणूस म्हणून कोशेत्सची कामगिरी मला कार्नेगी हॉलपेक्षा मोठी वाटते.

4 डिसेंबर 2022 रोजी, युद्ध पेटलेलं असताना, कीवहून आलेला मुलांचा एक गायकवृंद कार्नेगी हॉलमध्ये गायला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळची आठवण म्हणून तो कार्यक्रम होता. मुलांच्या गायकवृंदाचं नावच मुळी ‘श्चेद्रिक’. विनिपेगमध्येही एक गायकवृंद आज ओलेक्सांद्र कोशेत्सच्या नावाने गातो आहे.

येत्या डिसेंबरात ती चाल कानावर पडेल. त्या चार टिपा मोजून बघा. ती घंटा नाही, दाराशी आलेली पाकोळी आहे.